सणांची गर्दी आणि 'विशेष' गाड्यांचे औदार्य

होळी, उन्हाळ्याची सुटी, दिवाळी व छठ यांचे दिवस जवळ येऊ लागले की रेल्वे मंत्रालयाकडून विशेष गाड्यांचे आकडे प्रसिद्ध होऊ लागतात. २०२४ साली दिवाळी-छठसाठी सात हजारांवर फेऱ्या जाहीर झाल्या. २०२५ साली हा आकडा बारा हजारांवर नेण्यात आला. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी २०२५ मध्ये ३८० फेऱ्यांची घोषणा झाली. हे आकडे खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु एवढ्या गाड्या सोडूनही प्रवासी फलाटावर चेंगरून का मरतो, हा प्रश्न या आकड्यांच्या गजरात बुडवला जातो. आणि श्रमजीवी जनतेच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

या प्रश्नाचे स्वरूप झाशीइतके स्वच्छपणे क्वचितच कोठे दिसेल. मुंबई-दिल्ली हा हमरस्ता, कानपूर-लखनौकडे जाणारा फाटा आणि हरपालपूर, महोबा, बांदा करीत माणिकपूर-प्रयागराजकडे उतरणारा मार्ग, असे सारे येथे एकत्र येतात. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल येथूनच जाते. मुंबईहून लखनौकडे जाणारी पुष्पक आणि गोरखपूरकडे जाणारी कुशीनगर याही येथूनच जातात. मराठी वाचकांना झाशी म्हटले की नेवाळकरांचे घराणे आणि १८५७ आठवते. पण कुर्ला, ठाणे, भिवंडी येथील कारखान्यांत व बांधकामांवर राबणाऱ्या लक्षावधी उत्तर भारतीय कामगारांच्या दृष्टीने झाशी म्हणजे घर निम्म्याहून जवळ आल्याची खूण होय. २००३ पर्यंत हा विभाग मध्य रेल्वेत होता आणि त्याचा कारभार मुंबईच्या व्ही.टी.वरून चाले. आता तो उत्तर मध्य रेल्वेत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. नावाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. नाव बदलण्यास एक अधिसूचना पुरते, डबे वाढवण्यास पैसा लागतो, एवढेच नमूद करतो.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस, कुंभमेळ्यातील मौनी अमावास्येच्या आदल्या दिवशी, झाशीहून प्रयागराजकडे निघालेली विशेष गाडी मध्यरात्रीनंतर हरपालपूरला पोहोचली. फलाटावर यात्रेकरूंची दाटी होती आणि गाडीची दारे आतून बंद होती. दारे उघडेनात तेव्हा बाहेरच्या जमावाने दगड उचलले, काचा फोडल्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी 'तोडफोड', 'हुल्लड' असे मथळे दिले आणि विषय संपला. आमच्या मते विषय तेथून सुरू होतो. आतले दार लावून बसले कारण आत पाय ठेवण्यास जागा नव्हती आणि डब्यात बायकामुले होती. बाहेरचे चिडले कारण थंडीत तासन् तास थांबल्यावर, गाडी त्यांच्यासाठीच सोडली आहे असे सांगितले गेले असताना, ती त्यांच्या डोळ्यांसमोरून जाणार होती. दोघेही बुंदेलखंडचे गरीब शेतकरी-मजूर. टंचाई निर्माण करणारे तिसरेच होते आणि ते त्या रात्री फलाटावर नव्हते.

सुरुवातीच्या स्थानकावरच गाडी गच्च भरू द्यायची आणि मधल्या सहा-सात मोठ्या स्थानकांना तिच्या वेळा कळवायच्या, यात कोणती व्यवस्था आहे? दोन-तीन डबे कुलूपबंद ठेवून ते मौरानीपूर, हरपालपूर, महोबा, बांदा येथे क्रमाने उघडणे हे काही अवघड शास्त्र नव्हे. त्यासाठी लागतात ती दोन माणसे, एक किल्ली आणि प्रवाशाला माणूस समजण्याची वृत्ती. शिवाय झाशी-माणिकपूर हा मार्ग मुळात एकेरी. त्याच्या दुहेरीकरणास मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. एकेरी मार्गावर विशेष गाडी सोडणे म्हणजे तिला प्रत्येक लूपवर उभी करून समोरच्या गाडीला वाट देणे. वेळापत्रकात तिला जागाच नसते. नेहमीच्या गाड्या आणि मालगाड्या यांच्या फटीतून ती सरकत राहते, आणि म्हणूनच 'विशेष' गाडी विशेष उशिरा पोहोचते.

या 'विशेष' शब्दाकडे जरा पाहावे. पंचांग वर्षभर आधी छापले जाते. होळी, दिवाळी, छठ केव्हा ते मंत्रालयाला ठाऊक असते. पावसाळ्याच्या तोंडावर वीटभट्ट्या बंद होऊन मजूर गावी परततात हेही ठाऊक असते. जी गर्दी दरवर्षी ठरलेल्या आठवड्यांत येते ती विशेष कशी? ती रेल्वेची नित्याची वाहतूकच आहे. तिला विशेष म्हटले की नियमित गाड्या वाढवण्याच्या जबाबदारीतून सुटका होते, वर औदार्याचे श्रेयही मिळते. आणि काही वेळा पैसाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीने कामगारांचे कंबरडे मोडलेले असताना, सणासाठी सोडलेल्या गाड्यांना नेहमीपेक्षा अधिक, काही वर्गांत तीस टक्क्यांपर्यंत जादा भाडे लावण्यात आले. २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांत मागणीबरोबर चढत जाणारे भाडे सुरू झाले. प्रीमियम तत्काळ त्याआधीचे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली गेली आणि पुढची पाच वर्षे ती परत मिळाली नाही. गरज जितकी मोठी तितका दर चढा, हा बनियाचा न्याय सार्वजनिक रेल्वेने पत्करला आहे.

गर्दीचा भार कोणत्या डब्यांवर पडतो? रेल्वेमंत्री संसदेत सांगतात की धोरणाप्रमाणे बावीस डब्यांच्या गाडीत बारा डबे सर्वसाधारण व शयनयान, आठ वातानुकूलित असतात. कागदावर हे ठीक आहे. पण गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांतून शयनयान डबे काढून तेथे वातानुकूलित त्रिस्तरीय डबे जोडले गेले, हे नित्य प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारावे. ज्याचे शयनयानाचे तिकीट गेले तो वातानुकूलित डब्यात जात नाही, तो सर्वसाधारण डब्यात जातो. शंभर आसनांच्या त्या डब्यात मग अडीचशे-तीनशे माणसे कोंबली जातात. २०२२-२३ या एका वर्षात २ कोटी ७० लाखांहून अधिक प्रवासी तिकिटाचे पैसे भरूनही प्रतीक्षायादीमुळे प्रवास करू शकले नाहीत, ही माहिती रेल्वेनेच माहिती अधिकाराखाली दिली. २०२४ च्या नोव्हेंबरात नियमित गाड्यांना सुमारे एक हजार सर्वसाधारण डबे जोडण्याची घोषणा करावी लागली ती या दबावामुळेच. ती आम्हाला मान्य आहे. उशिरा आली आणि अपुरी आहे, एवढे म्हणावे लागेल.

झाशीच्या फलाटाने याची किंमत पाहिलेली आहे. जून २०१९ मध्ये केरळ एक्सप्रेसने आग्र्याहून परतणाऱ्या तामिळनाडूच्या यात्रेकरूंपैकी चार वृद्धांचा शयनयान डब्यातील असह्य उष्म्याने अंत झाला; झाशीला त्यांचे देह उतरवावे लागले. मे २०२० मध्ये मुंबईत मजुरी करून गावी निघालेला एक श्रमिक झाशीहून गोरखपूरकडे गेलेल्या श्रमिक विशेष गाडीत चढला. गाडी जाऊन, रिकामी होऊन, झाशीला परत आली तेव्हा तिच्या शौचालयात त्याचे प्रेत सापडले. मधले चार दिवस त्या डब्यात कोणी डोकावले नव्हते. त्या उन्हाळ्यात रेल्वेने ४,६२१ श्रमिक गाड्यांतून ६३ लाखांवर माणसे पोहोचवली असे अभिमानाने सांगितले गेले. तो अभिमान कर्मचाऱ्यांना शोभेल, कारण संसर्गाच्या भीतीत त्यांनी गाड्या चालवल्या.

कर्मचाऱ्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला. सणाच्या दिवसांत चालक, गार्ड, पॉइंट्समन, तिकीट तपासनीस यांच्या साप्ताहिक विश्रांतीवर पहिली कुऱ्हाड पडते. संसदेतील उत्तरानुसार डिसेंबर २०२२ मध्ये रेल्वेत तीन लाखांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. दहा तासांच्या कामाची मागणी घेऊन इंजिनचालक १९७३ मध्ये उभे राहिले. मे १९७४ च्या देशव्यापी संपातही कामाचे तास हा एक कळीचा मुद्दा होता. आज पन्नास वर्षांनी चालकांच्या संघटना पुन्हा विश्रांतीसाठीच झगडत आहेत. थकलेला चालक आणि चेंगरलेला प्रवासी यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत असे भासवणे हे प्रशासनाच्या फार सोयीचे असते.

दुर्घटनांची यादी देण्याचा आमचा हेतू नाही, तरी त्यांतील साम्य नजरेआड करता येत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये अलाहाबाद स्थानकावर कुंभाच्या गर्दीत ३६ जण गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्थानकात १८. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरताना प्रवासी जखमी झाले. प्रत्येक वेळी अरुंद जिना, पूल किंवा दार, उशिरा लागणारी गाडी, आणि नंतर अफवा किंवा डोक्यावरचे ओझे यांना दोष. ओझे कोणाच्या डोक्यावर असते? ज्याला घरी वर्षातून एकदाच जायला मिळते त्याच्या.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घ्यायला हवा. चाळीस दिवसांच्या गर्दीसाठी वर्षभर डबे आणि मार्ग तयार ठेवणे कोणत्याही रेल्वेला परवडेल काय? चीनमध्ये वसंतोत्सवाच्या चाळीस दिवसांत, २०२५ साली, रेल्वेने ५१ कोटींहून अधिक प्रवास झाले. तेथेही उभ्याने प्रवासाची तिकिटे विकली जातात, आणि २००८ च्या हिमवादळात ग्वांगचौ स्थानकाबाहेर लाखो कामगार अडकून पडले होते. तेथील सर्व काही आदर्श आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण २००८ नंतर तेथे अतिवेगवान मार्ग वेगळे बांधले गेले आणि त्यांचे जाळे २०२४ अखेर सुमारे ४८ हजार किलोमीटरपर्यंत पोहोचले. क्षमता वाढवणे शक्य असते. ते धोरणावर अवलंबून असते. आपल्याकडे एप्रिल-मे २०२२ मध्ये, ऐन सुटीच्या हंगामात, वीजकेंद्रांचा कोळसा नेण्यासाठी शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द करण्यात आल्या. कोळसा आवश्यक होता हे खरे. पण त्याची किंमत शयनयानाच्या प्रवाशाने द्यावी असे कोणी ठरवले?

वर्ग पुसण्याचा प्रयत्नही याच देशात झाला आहे. १९७४ मध्ये तिसरा वर्ग निदान नावाने रद्द झाला. डिसेंबर १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गविहीन म्हणून सुरू झाली, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच काळात. दंडवत्यांच्या पक्षाशी आमचे मतभेद होते. बाकावरची गादी मात्र कोट्यवधींच्या पाठीला लागली, ही गोष्ट आम्ही विसरत नाही. आज त्याच फलाटावरून वंदे भारत सुटते तेव्हा तिच्यासाठी सर्वसाधारण डब्यांची गाडी बाजूला थांबवलेली असते.

झाशी विभागातील आमच्या साथींनी आणि रेल्वे कामगार संघटनांनी पुढील होळीच्या दोन महिने आधी विभागीय व्यवस्थापकांपुढे ठेवण्यासारख्या मागण्या साध्या आहेत. मुंबई, सुरत व दिल्लीहून येणाऱ्या मार्गांवर अनारक्षित गाड्या वेळापत्रकात कायमच्या घालाव्यात आणि त्यांना नेहमीचे भाडे असावे. मधल्या स्थानकांसाठी राखीव डबे ठेवावेत. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलू नये. बदलावाच लागला तर जिन्यावरील लोक उतरेपर्यंत गाडी हलवू नये. जूनमध्ये प्रत्येक थांब्यावर पाणी आणि डॉक्टर असावा. परतलेला प्रत्येक रिकामा डबा शौचालयासह तपासला जावा आणि तपासणाऱ्याची सही वहीत असावी. या कामासाठी लागणारी माणसे रिकाम्या जागा भरून आणावीत, विश्रांतीच्या दिवशी बोलावून नव्हे. आणि या मागण्यांचे निवेदन घेऊन जाताना हरपालपूरच्या फलाटावरच्या आणि डब्यातल्या, दोन्हीकडच्या लोकांच्या सह्या एकाच कागदावर घ्याव्यात.