जिवाणूच्या पोटातला साठा

वाशीम जिल्ह्यात खरीप म्हटले की आधी सोयाबीन. रिसोडपासून कारंजा-मानोऱ्यापर्यंत जूनमध्ये कृषी सेवा केंद्रातून बियाण्याच्या पिशवीबरोबर रायझोबियमचे पाकीट किंवा बाटली शेतकऱ्याच्या हाती जाते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक या क्रमाने बीजप्रक्रिया होते, बियाणे सावलीत सुकते, त्याच दिवशी पेरले जाते. पुढे पावसाने ओढ दिली तर बरड जमिनीचा वरचा थर दोन दिवसांत तापून कोरडा पडतो. बियाण्यावर बसलेल्या जिवाणूंपैकी किती जण मूळ फुटेपर्यंत टिकतात, यावर आपल्या साऱ्या व्यवसायाची पत उभी आहे.

पाकिटावर आपण संख्या छापतो. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे वाहकयुक्त रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात दर मिलिलिटरला 10 कोटी. तेवढी भरली की बॅच पास. ही अट योग्यच आहे, पण ती अपुरी आहे असे आम्हाला ठामपणे वाटते. सारखीच संख्या असलेल्या दोन बॅचेस शेतात सारख्या टिकत नाहीत, आणि त्याचे एक मोठे कारण पेशीच्या आत असते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेशी संबंधित मॉरिस लमॉइन यांनी बॅसिलस मेगाटेरियममधील पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे आपण पीएचबी म्हणतो तो पदार्थ, 1926 च्या सुमारास ओळखला. भोवती कार्बन मुबलक असतो, पण नत्र, स्फुरद किंवा प्राणवायू कमी पडतो, तेव्हा पेशीला वाढता येत नाही. मग हाताशी आलेला कार्बन ती एकापुढे एक जोडून लांब साखळ्यांच्या कणांत साठवते. साखर नुसती विरघळवून ठेवली असती तर तिने बाहेरचे पाणी आत ओढले असते. घट्ट कणाचा तो उपद्रव नाही. उपासमार आली की एन्झाइम हा कण तोडतात आणि पेशीला ऊर्जा मिळते. शिवाय तुटून निघालेले हायड्रॉक्सिब्युटिरेट उष्णतेत आणि गोठण्यात प्रथिनांची घडी सांभाळते, असे अलीकडच्या काळात दिसले आहे. ग्लायकोजेन आणि पॉलिफॉस्फेट हेही असेच साठे. आर्थर कोर्नबर्ग यांनी उतारवयातील संशोधन पॉलिफॉस्फेटलाच वाहिले होते. ते बनवता न येणारे ई. कोलाय उपासमारीत लवकर मरतात, हे त्यांच्याच प्रयोगशाळेतले काम.

याचे जवळचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. रिसोडला लागून असलेल्या लोणार तालुक्यातील सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. तिथून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस हा जिवाणू वेगळा केला आणि तो पीएचबीच्या कुळातला बहुवारिक बनवतो हे 2010 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा रोख विघटनशील प्लास्टिककडे होता. एमएसीएस नावाने सोयाबीनचे वाण देणारी संस्थाही हीच, त्यामुळे हे दोन धागे तिथेच एकत्र यावेत असे फार वाटते.

जिवाणू खताच्या दृष्टीने सर्वांत स्पष्ट पुरावा ॲझोस्पिरिलमचा आहे. इस्रायलमध्ये याकोव ओकोन यांच्या गटाने पीएचबी बनवू न शकणारा प्रकार तयार केला. उष्णता, अतिनील किरण, क्षारांचा धक्का, कोरडेपणा, या सगळ्यांत तो मूळ प्रकारापेक्षा लवकर मेला. मेक्सिकोत मका आणि गव्हावर पीएचबीने भरलेल्या पेशींची संवर्धके वापरली, तेव्हा उत्पादनातील वाढ अधिक सातत्याने मिळाली. आपल्याला सातत्यच हवे आहे. एका शेतात गाठीच गाठी आणि धुऱ्यापलीकडच्या शेतात नुसती पांढरी मुळे, ही तक्रार कोणी ऐकली नाही?

सोयाबीनच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करायला हवा. त्याच्या गाठींतील ब्रॅडीरायझोबियममध्ये पीएचबी कोरड्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते, हे वाँग आणि इव्हान्स यांनी 1971 मध्येच दाखवले. जिवाणूच्या बाजूने हे शहाणपणाचे आहे: ऑक्टोबरात पीक निघते, गाठ कुजते आणि पुढच्या जूनपर्यंत उघड्या रानात उन्हाळा काढायचा असतो. पण तो कार्बन झाडाने दिलेला असतो. साठ्यात गेला तो नत्र स्थिरीकरणाला मिळाला नाही. घेवड्यावरील रायझोबियम एटलीत पीएचबी बनवण्याची क्षमता काढून टाकली, तेव्हा नत्र स्थिरीकरण वाढलेले आढळले. म्हणून सर्वांत जास्त साठा करणारा वाण शोधून तोच विकावा, हा मार्ग आम्हाला मान्य नाही. वाण चांगले नत्र देणाराच निवडावा आणि साठा फर्मेंटरमध्ये भरून द्यावा.

ते आपल्या हातात आहे. यीस्ट अर्क आणि मॅनिटॉलच्या नेहमीच्या माध्यमात नत्र आधी संपते आणि मॅनिटॉल उरते, त्या टप्प्यावर पेशी साठा करू लागतात. संख्या भरली म्हणून घाईने बॅच काढली तर पेशी रिकाम्या हाताने बाहेर पडतात. फार रेंगाळलो आणि मॅनिटॉलही संपले, तर त्या आपला साठा फर्मेंटरमध्येच खाऊन टाकतात. नेमकी वेळ प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतः शोधावी लागेल. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही: सुदान ब्लॅक बी आणि वर सॅफ्रानिन, तेलाचे 100 पट भिंग, आणि लालसर पेशीत निळे-काळे कण. बॅचच्या नोंदवहीत संख्येशेजारी कण असलेल्या पेशींचे प्रमाण लिहायला सुरुवात करावी. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेली पाकिटे परत मागवून तीच तपासणी करावी. उष्णतेत साठा पाकिटातच खर्ची पडतो.

पीएचबी म्हणजे सगळे संरक्षण नव्हे. कोरडेपणात ट्रेहॅलोज साखर आणि पेशीबाहेरची चिकट शर्कराही मोलाची आहे. सोयाबीनच्या जिवाणूवर, आपल्या मातीत, थेट तुलना करूनच बोलावे. त्यासाठी या खरिपात एकाच वाणाच्या दोन बॅचेस काढा, एक लवकर, एक नत्र संपल्यानंतर, आणि दोन्हींची संख्या सारखी करून घ्या. जेएस-335 च्या बियाण्याला लावा, लावताक्षणी, 6, 24 आणि 48 तासांनी प्लेटवर मोजा. पेरणीनंतर 40 दिवसांनी दहा-दहा झाडे मुळांसकट उपटून गाठी मोजा आणि कापून आतला गुलाबी रंग पाहा. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हा प्रयोग आपल्या प्रक्षेत्रावर घ्यावा, अशी आमची विनंती आहे. तक्ते दिवाळीपूर्वी पाठवा. दोन बॅचेसमध्ये काहीच फरक आढळला नाही तरी पाठवा, तेही तितक्याच जागेत छापू.