बिननावी पिल्ले घेऊ नका

उन्हाळा लागल्यापासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: टॅरँटुला कोळ्याचे पिल्लू, म्हणजे स्लिंग, घेतले आणि आठवडाभरात गेले. कारणेही तीच ती. सेंटिमीटरभर पिलाला फूटभर टाकी, भर मे महिन्यात खाली हीट मॅट, कोकोपीट ठणठणीत कोरडे आणि आत मोकळा सोडलेला रातकिडा. कात टाकायला उताण्या झालेल्या पिलाला मेलेले समजून हलवणारेही आहेत. कातीनंतर सुळे पांढरे असताना जिवंत भक्ष्य टाकले, तर तेच पिलाला कुरतडते. छोटी हवेशीर डबी, एका कडेला ओल, डोके ठेचलेला मीलवर्म आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकणे, एवढ्यावर बहुतेक स्लिंग तगतात.

पण सगळा दोष नवशिक्यांच्या माथी मारून चालणार नाही. ओल किती ठेवायची हे जातीवर ठरते, आणि जातच सांगितली जात नाही.

‘मेक्सिकन रेड नी’ एवढ्या नावावर पिल्ले खपवली जातात. ब्रॅकिपेल्मा स्मिथी म्हणून वर्षानुवर्षे विकले गेलेले बरेच कोळी प्रत्यक्षात ब्रॅकिपेल्मा हॅमोरी आहेत, हे मेंडोझा आणि फ्रांके यांच्या २०१७ च्या अभ्यासानंतर स्पष्ट झाले. प्रौढ कोळ्यांत एवढी गल्लत, तर तपकिरी स्लिंग पाहून जात कोण सांगणार?

इथेच कायदा आडवा येतो. ब्रॅकिपेल्माच्या सर्व जाती सायटीस या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. नोंदीला शास्त्रीय नाव हवे. विक्रेत्याने ते दिलेले नसते, कागदही नसतो. प्रामाणिकपणे नोंद करायला जाणाराच अडकतो. एका अंडकोशातून शेकडो पिल्ले निघतात आणि त्यांतली बरीच पहिल्या काही कातींत दगावतात. अशा जिवांच्या नोंदीसाठी वनखात्याने सुटसुटीत वेगळी पद्धत आखावी, ही मागणी रास्त आहे.

मात्र खात्याकडे बोट दाखवत स्वतः हातावर हात धरून बसणारे कोळीपालकही कमी नाहीत. जुन्या प्राण्यांच्या नोंदीची सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली. आणि पीसिलोथेरिया मेटॅलिका या टॅरँटुलाचा हट्ट धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: आंध्रातल्या मोजक्या जंगलात उरलेली ही जात अतिसंकटग्रस्त आहे. तिथून पकडलेल्या पिलाला हात लावू नका.

यापुढे विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: शास्त्रीय नाव, पैदास कुठली, शेवटची कात कधी. मिळाल्या नाहीत तर रिकाम्या हाती परता. पैदासकारांनीही प्रत्येक डबीवर ही माहिती लिहावी. न लिहिणाऱ्यांची जाहिरात पुढील अंकापासून या मासिकात छापली जाणार नाही.