तक्रार पोहोचली, गाडी कोठे आहे?

१९६९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या महापौरांना एक तार आली. तार करणारे गृहस्थ क्वीन्स विभागात राहणारे होते. आपल्या रस्त्यावर बर्फ सारणारी एकही गाडी फिरकलेली नाही; संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीत जाण्याच्या दृष्टीने आपण आल्प्स पर्वतात राहिलो असतो तरी काही बिघडले नसते, असा तिचा आशय होता. या तक्रारदाराचे नाव राल्फ बंच. १९५० सालच्या नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी आणि राष्ट्रसंघाचे एक ज्येष्ठ अधिकारी! अरब राष्ट्रे आणि इस्रायल यांच्यात शस्त्रसंधी घडवून आणणाऱ्या या मुत्सद्द्याला स्वतःच्या दारापुढचा बर्फ मात्र हलविता आला नाही.

त्या ९ फेब्रुवारीस, रविवारी, सुरू झालेल्या हिमवादळाने शहरात सुमारे १५ इंच बर्फ पडला. ४२ माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी एकट्या क्वीन्समधील होती. बर्फ सारण्याच्या यंत्रसामग्रीपैकी बराच मोठा भाग नादुरुस्त पडलेला होता. महापौर जॉन लिंडसे स्वतः क्वीन्सच्या पाहणीस निघाले, तेव्हा त्यांचीच मोटार बर्फात अडली आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडविली. श्रीमंतांच्या मॅनहॅटनचे रस्ते मोकळे होतात आणि आमचे होत नाहीत, हा त्या संतापाचा मथितार्थ होता.

बर्फाची आपत्ती मोठी विलक्षण असते. पावसाचे पाणी आज ना उद्या आपल्या पायांनी निघून जाते. बर्फ जागचा हलत नाही. तो वेळीच सारला नाही तर घट्ट गोठतो, आणि मग त्यावर नांगर चालत नाही की कडाक्याच्या थंडीत मिठाचाही उपयोग होत नाही. म्हणून पालिकेला आधी हमरस्ते, रुग्णालयांचे आणि बसगाड्यांचे मार्ग मोकळे करावे लागतात. गल्लीबोळांची पाळी शेवटी येते. रस्ता मोकळा करणारा नांगर बाजूला लोटलेला बर्फ लोकांच्या दारांशी आणि उभ्या मोटारींशी रचून ठेवतो, ही दुसरी तक्रार. न्यूयॉर्कमध्ये हे काम स्वच्छता खात्याकडे आहे. कचऱ्याच्या गाड्यांनाच पुढे नांगर जोडतात. म्हणजे बर्फ सारला जात असताना कचरा तसाच पडून राहतो, ही तिसरी. पदपथ साफ करणे हे तर घरमालकाचेच कर्तव्य आहे. ते त्याने केले नाही म्हणून शेजाऱ्याने केलेली तक्रार चौथी! एका वादळातून एकाच वेळी अशा हजारो तक्रारी उठतात. त्यांचे करावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला अमेरिकन शहरांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे ३११ हा दूरध्वनी क्रमांक. १९९६ साली बाल्टिमोरने तो प्रथम सुरू केला. शिकागोने १९९९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २००३ मध्ये त्याचे अनुकरण केले. जिवावर बेतले तर ९११, आणि रस्ता, कचरा, दिवे यांसाठी ३११, अशी ही वाटणी आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिचे पुढे काय झाले हे नागरिकाला विचारता येते. व्यवस्था उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु दूरध्वनी उचलला जाणे आणि रस्ता मोकळा होणे यांत मोठे अंतर असते. २०१० सालच्या २६ डिसेंबरला न्यूयॉर्कवर पुन्हा हिमवादळ आले आणि मध्यवर्ती उद्यानात २० इंच बर्फ साचला. पालिकेने हिम-आपत्काल जाहीर केला नव्हता. रस्त्यांत बसगाड्या आणि मोटारी रुतल्या, त्यांच्यामागे नांगर अडले, रुग्णवाहिकाही अडकल्या. आणि ९११ कडे मदतीची सुमारे १,३०० बोलावणी तुंबून राहिली. क्रमांक होता, यंत्रणा होती, ऐकणारा कान होता. नव्हता तो फक्त पोहोचणारा हात.

यावर कोणी म्हणेल की, जेथून तक्रार येईल तेथे प्रथम गाडी धाडावी. आमच्या मते हा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल. राल्फ बंच यांची तार महापौरांपर्यंत गेली आणि तिचा बोलबाला झाला. पण त्याच क्वीन्समध्ये, ज्यांच्या नावाला वजन नाही अशा किती वृद्धांनी आणि मजुरांनी मुकाट्याने दार लावून घेतले असेल? जो मोठ्याने ओरडतो त्याची गल्ली आधी मोकळी होऊ लागली, तर ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याला कोठे फोन करावा हे माहीत नाही, त्याने वसंत ऋतूची वाट पाहावी काय? आज क्वीन्समध्ये भारतीयांची वस्ती मोठी आहे. तीत मराठी कुटुंबेही आहेत. हा प्रश्न म्हणूनच आम्हांला परका वाटत नाही. गाड्या आखलेल्या मार्गानेच फिरल्या पाहिजेत. तक्रारीचे काम निराळे आहे: आखलेला मार्ग प्रत्यक्षात कोठे तुटला, हे दाखविणे. एका रस्त्यावरून दहा तक्रारी आल्या आणि कागदावर तो रस्ता साफ झालेला असला, तर खोटे कोण बोलतो हे शोधण्याचे ते साधन आहे. आणि जेथून एकही तक्रार आली नाही, तेथे सर्व क्षेमकुशल आहे असे न मानता तेथे मुद्दाम माणूस पाठविणे, हे शहाण्या प्रशासनाचे लक्षण होय.

दुसरी गोष्ट सत्याची. १९७९ च्या जानेवारीत शिकागो शहर बर्फाखाली गाडले गेले. वाहने ठेवण्यासाठी शाळांची आवारे साफ करून ठेवली आहेत, असे महापौर मायकेल बिलँडिक यांनी सांगितले. लोक गेले तो आवारे बर्फाने भरलेली! त्यातच शहरातील आगगाड्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील स्थानकांवर न थांबता पुढे काढण्यात आल्या. फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणूक झाली आणि जेन बर्न यांनी बिलँडिक यांचा पराभव केला. बर्फ पडल्याबद्दल मतदारांनी महापौरांना शिक्षा केली नाही. शिक्षा झाली ती खोट्या ग्वाहीची आणि पक्षपाताची. न्यूयॉर्कने २०१० नंतर यातून धडा घेतला असे म्हणता येईल. नांगराच्या गाड्यांवर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी उपकरणे बसविण्यात आली आणि कोणत्या रस्त्यावरून गाडी केव्हा गेली याचा नकाशा नागरिकांस खुला झाला. आता अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरले नाही.

आमच्या मुंबईत बर्फ पडत नाही. परंतु २००५ सालच्या २६ जुलैस सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस कोणी मुंबईकर विसरलेला नाही. येथेही आपत्तीच्या वेळी फिरवावयाचा १९१६ हा क्रमांक आहे. पाणी ओसरले की तक्रारही ओसरली, असे मानण्याचा मोह कोणत्याही पालिकेला होतो, आणि बर्फाच्या शहरांना जी सोय नाही ती आपल्या पालिकेला आहे: पाणी पुरावा मागे ठेवीत नाही. म्हणूनच तक्रार नोंदली किती, पोहोचलो कोठे, पोहोचलो नाही कोठे, याचा वॉर्डवार हिशेब प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाहीर झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नागरिक तक्रार करतो तेव्हा तो भीक मागत नाही. आपल्या शहराचे कोठे दुखते आहे, हे तो पालिकेला विनामूल्य सांगत असतो. सर्वांची हाक एकाच क्षणी ऐकता येणार नाही, हे त्याला समजते. त्याची पाळी उद्या आहे असे खरेपणाने सांगितले, तर तो उद्यापर्यंत थांबतोही. मात्र न गेलेली गाडी गेली म्हणून नोंदवाल, तर तो पुन्हा हाक मारणार नाही. तो मतदानाच्या दिवसाची वाट पाहील.