गोष्टींचा सातबारा

‘एस्किमो’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बर्फाचे घर, कुत्र्यांची गाडी आणि कातडी पांघरलेला हसरा माणूस उभा राहतो. हे चित्र गोऱ्या प्रवाशांनी आणि चित्रपटकारांनी रंगविलेले आहे. स्वतःला इन्युइट, म्हणजे ‘माणसे’, म्हणवणाऱ्या या लोकांना आपल्या भूमीविषयी आणि इतिहासाविषयी काही सांगावयाचे असेल, असे राज्यकर्त्यांना फार काळ वाटलेच नाही. आणि त्यांनी सांगितले तेव्हा ते खोटे ठरविण्यात आले.

१८४५ साली ब्रिटिश आरमाराची फ्रँकलिन मोहीम दोन जहाजांनिशी उत्तर ध्रुवप्रदेशात गेली आणि तिच्यातील १२९ जण कायमचे नाहीसे झाले. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांनी इन्युइटांकडून ऐकलेली हकिकत इंग्लंडला कळविली: माणसे उपासमारीने मेली, आणि अखेरीस काहींनी मृतांचे मांस खाल्ले. लंडनचा भद्रलोक खवळला. गरिबांचा कैवारी म्हणून गाजलेल्या चार्ल्स डिकन्सनेही आपल्या नियतकालिकातून ‘रानटी’ लोकांची साक्ष धुडकावून लावली. पुढे १९९० च्या दशकात त्या परिसरातील मानवी हाडांवर शास्त्रज्ञांना सुरीच्या खुणा सापडल्या. ‘एरेबस’ हे जहाज २०१४ मध्ये गवसले, ते इन्युइट वृद्धांच्या कथनांनी सुचविलेल्या पाण्यात. २०१६ मध्ये ‘टेरर’ सापडले, तेही एका इन्युइट शिकाऱ्याने बर्फातून वर आलेल्या डोलकाठीची आठवण सांगितल्यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेली साक्ष खरी ठरली आणि साम्राज्याचा अहंकार उघडा पडला.

ज्यांचा शब्द मानायचा नाही, त्यांचे नाव तरी कशाला मानावे? १९४१ पासून कॅनडाच्या सरकारने प्रत्येक इन्युइटाला गळ्यात अडकविण्याची चकती आणि तिच्यावर एक क्रमांक दिला. १९५३ व १९५५ साली इनुकजुआक आणि पाँड इन्लेट येथील कुटुंबे उचलून सुदूर उत्तरेस ग्रीस फियर्ड व रेझोल्युट येथे नेऊन वसविण्यात आली. तिथला काळोख, तिथली थंडी, तिथली शिकार, सारेच इनुकजुआकच्या लोकांना अनोळखी होते. सरकारने क्षमा मागितली ती २०१० मध्ये.

या पार्श्वभूमीवर इन्युइट वृद्धांनी गोष्टी सांगणे ही करमणूक राहत नाही. १९७१ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यानंतर शिकाऱ्यांनी आपण कुठे सील मारले, कॅरिबू हरणांचा माग कुठे काढला, तळ कुठे ठोकला, हे आठवून नकाशांवर रेखाटले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाहणी जमिनीच्या मागणीचा आधार बनली. कागद नसलेल्या समाजाने स्मरणाचा सातबारा पुढे केला. १९९३ च्या करारान्वये सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी इन्युइटांना मिळाली आणि १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. उरलेल्या भूमीवरचा परंपरागत हक्क त्यासाठी सोडावा लागला, ही त्या विजयाची किंमतही विसरता कामा नये.

इग्लूलिक या गावाची कहाणी तर विशेष उद्बोधक आहे. आपल्या भाषेतला एकही कार्यक्रम नाही म्हणून या गावाने १९७५ आणि १९७९ मध्ये मतदान करून दूरदर्शन नाकारले. येथेच १९८६ पासून वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित होऊ लागल्या. ‘अतानार्जुआत’ हा चित्रपट आठ वृद्धांनी सांगितलेल्या कथनांवरून येथेच रचला गेला आणि २००१ साली कान महोत्सवात गौरविला गेला.

परंतु गौरव स्वस्त असतो. २००८ च्या शिक्षण कायद्याने २०१९-२० पर्यंत सर्व इयत्तांत द्विभाषिक शिक्षणाचे वचन दिले होते. २०२० मध्ये ते पातळ करण्यात आले. इन्युइट भाषा बारावीपर्यंत एक विषय म्हणून शिकविण्याची मुदत २०३९ पर्यंत लांबविली गेली. इन्युइट संघटनेला २०२१ मध्ये न्यायालयात जावे लागले. शिक्षक मिळत नाहीत, असे सरकार म्हणते, आणि ती अडचण खरी आहे. पण शिक्षक आकाशातून पडत नाहीत; ते घडवावे लागतात, त्यासाठी पैसा आणि इच्छा लागते. ज्यांच्यापाशी भाषा आहे ते वृद्ध गावागावांत बसलेले आहेत. त्यांच्यापाशी नाही ते केवळ प्रमाणपत्र. चौऱ्याऐंशी टक्के लोक इन्युइट असलेल्या प्रदेशात शाळेचा कारभार मुख्यतः इंग्रजीतून चालावा, हा योगायोग म्हणता येणार नाही.

ध्वनिफितीत आवाज टिकतो, पण तो समजणारी नातवंडे नसतील तर ती फीत म्हणजे केवळ सुरेख शवपेटी. शासनाला २०३९ पर्यंत थांबता येईल. आज गोष्ट सांगणाऱ्या आजीला तेवढी मुदत कोण देणार?