ओसरीवरच्या गप्पा : चाकावरची पोर

मैत्रिणींनो,

या वेळी खरं म्हणजे वाळवणांवर लिहायचं ठरवलं होतं. सरगुंडे, कुरडया, मुंगवड्या सगळं मनात मांडून झालं होतं. पण अमरावतीच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आणि वाळवणं पुढच्या अंकावर गेली.

ती लिहिते, "ताई, माझी मुलगी नववीत आहे. सात वर्षांची असल्यापासून पायाला चाकं बांधून पळते. जिल्ह्यात पहिली आली, विभागातही नंबर आला. आता मात्र घरात रोज कुरबुर चालते. सासूबाई म्हणतात, 'पोट्टी आता मोठी झाली. किती दिवस चाकं बांधून फिरन? लोक काय म्हनतीन?' हे म्हणतात, दहावी होऊ दे, मग बघू. उन्हानं ती काळवंडली आहे, गुडघ्यांवर वण आहेत. शर्यतीचा तो अंगाला चिकटणारा पोशाख मलाही बरा वाटत नाही. तिचे स्केट लहान झाले आहेत, नवे घ्यायचे म्हणजे मोठा खर्च. ताई, तुम्हीच सांगा, थांबवू का तिला?"

आता आमचं रिद्धपूर म्हणजे गोविंदप्रभूंचं गाव. इथे स्केटिंगमधलं मला काय कळणार? आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा! पण प्रश्न पोरीचा होता, टाळता येईना. भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आधी बघ, मग उत्तर दे." रोज रात्री भांडी आवरली की ती दाखवील त्या शर्यती मी फोनवर पाहत बसले. आठ दिवसांत मला त्याची गोडीच लागली, बरं का!

या खेळाची मोठी बहीण म्हणजे बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत. चारशे मीटरचं लंबगोल मैदान, त्यावर गुळगुळीत बर्फ. एका वेळी दोघीच धावतात, एक आतल्या पट्ट्यात, दुसरी बाहेरच्या. खरी स्पर्धा मात्र घड्याळाशी असते. आतला पट्टा अंतरानं कमी भरतो, म्हणून प्रत्येक फेरीत दोघींनी पट्टे बदलायचे. बदलताना समोरासमोर आल्या, तर आतून बाहेर जाणारीनं बाहेरून आत येणारीला वाट द्यायची. जिला आतापर्यंत जवळची वाट मिळाली, तिनं दुसरीला पुढे जाऊ द्यायचं. जावाजावांच्या संसारातही हा नियम असता, तर किती भांडणं वाचली असती!

तिघींच्या संघाचीही एक शर्यत असते. पुढची वारा अंगावर घेते, मागच्या तिच्या आडोशानं पळतात. घड्याळ थांबतं ते तिसरी पोचल्यावर. पहिलीनं एकटीनं पुढे पळून काही उपयोग नाही, मागचीला सोबत आणावंच लागतं. हे पाहताना मला आपलीच घरं आठवली.

पण या बर्फावर बायकांना पाय ठेवायला किती वर्षं थांबावं लागलं, तेही ऐका. हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली फ्रान्समध्ये शामोनी इथे सुरू झालं. त्यातलं पहिलंवहिलं सुवर्णपदक याच खेळातलं, पुरुषांच्या ५०० मीटर शर्यतीचं. बायका कुठे होत्या? १९३२ साली त्यांना नुसतं प्रात्यक्षिक दाखवू दिलं, पदक नाही. पदकाची शर्यत मिळाली ती थेट १९६० साली. पुरुषांनंतर छत्तीस वर्षांनी! आणि मिळाल्यावर त्यांनी काय केलं? रशियाच्या लिडिया स्कोब्लिकोव्हानं त्याच वर्षी दोन सुवर्णपदकं घेतली आणि १९६४ साली इन्सब्रुकला चारच्या चारही शर्यती जिंकल्या. तरी ५००० मीटर बायकांना झेपेल असं ठरायला १९८८ साल उजाडलं. दहा हजार मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये आजही फक्त पुरुषांची आहे.

आणखी एक गंमत सांगते. बर्फावरच्या स्केटला खाली लांब पातं असतं. पूर्वी ते बुटाला पुढे-मागे घट्ट बसवलेलं असे. हॉलंडच्या लोकांनी नवा स्केट काढला. त्यात पातं पुढच्या बाजूला बिजागरीनं जोडलेलं, टाच मोकळी. टाच उचलली तरी पातं बर्फाला धरून राहतं, आणि परत बसताना टाळीसारखा आवाज होतो. मोठमोठे पुरुष खेळाडू त्याकडे संशयानं पाहत होते. १९९६-९७ च्या हंगामात हॉलंडच्या बायकांनी ते स्केट आधी पायात घातले आणि भराभर जिंकू लागल्या. मग काय, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला पुरुषांच्या पायातही तेच! नवी गोष्ट आधी बाईनं करून पाहायची आणि ती चांगली निघाली की मग सगळ्यांनी घ्यायची, हे काही आपल्याला नवीन नाही.

आता आपल्या पोरांकडे वळू. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून आपली मुलं चाकांवर पळतात. २ ऑक्टोबर २०२३ ला चीनमध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत ३००० मीटरच्या सांघिक शर्यतीत आपल्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरी राज. यातली आरती तर डॉक्टरकीचं शिक्षण घेत होती. त्याच दिवशी मुलांनीही कांस्य घेतलं. त्या चौघांत दोघं आपल्या महाराष्ट्राचे, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे. चाकांवरच्या या शर्यतीत मुलींचं आणि मुलांचं अंतर सारखंच होतं, हेही लक्षात ठेवा.

मुलांच्या त्या शर्यतीत जे घडलं, ते आपल्या मुलांना जरूर सांगा. कोरियाचा खेळाडू सगळ्यांत पुढे होता. जिंकलोच असं समजून रेषेच्या आधीच त्यानं आनंदानं हात वर केले. मागून येणाऱ्या चिनी तैपेईच्या मुलानं मात्र शेवटच्या क्षणी पाय लांबवला. सेकंदाच्या शंभराव्या भागानं सोनं गेलं! भाची म्हणाली, "मावशी, आमचे सर हेच सांगतात, रेषा ओलांडेपर्यंत हात खालीच ठेवायचे."

चाकांवरून बर्फावर गेलेल्याही पुष्कळ आहेत. अमेरिकेची एरिन जॅक्सन फ्लोरिडाची. तिथेही बर्फ पडत नाही. चाकांवर शिकली, मोठेपणी बर्फावर गेली. २०२२ च्या ऑलिंपिकसाठी निवड होताना तिचा पाय घसरला आणि जागा हुकली. तेव्हा तिच्याच गावची मैत्रीण ब्रिटनी बो हिनं आपली जिंकलेली जागा तिला देऊन टाकली. एरिननं ५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पुढे ब्रिटनीलाही त्याच शर्यतीत जागा मिळाली आणि १००० मीटरमध्ये तिनंही कांस्य घेतलं.

इटलीची फ्रान्चेस्का लोलोब्रिजिदा हीसुद्धा चाकांवरूनच बर्फावर आली. आडनाव ओळखीचं वाटलं ना? जीना लोलोब्रिजिदा या जुन्या नटीच्या नात्यातली. २०२३ साली तिला मुलगा झाला आणि २०२५ साली ती ५००० मीटरची जगज्जेती झाली. "लग्नानंतर काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांना हे एवढं सांगितलं तरी पुरे.

आपल्या देशातही वाट अगदीच बंद नाही. अहमदाबादचा विश्वराज जडेजा चाकांवरूनच बर्फावर गेला, पण त्याला सरावासाठी हॉलंड गाठावं लागलं. २०२४ साली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा लडाखमध्ये लेहला झाल्या, तिथे थंडीनं गोठलेल्या तळ्यावर शर्यती झाल्या.

आता पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीशी सरळ बोलते.

बाई, मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. चाकांवरची शर्यत ऑलिंपिकमध्ये नाही. चारशे मीटरचं बंदिस्त बर्फाचं मैदान आपल्या देशात नाही. हजार मुली पळतात तेव्हा एखादी देशाच्या संघात जाते. पदकाच्या आशेवरच खर्च करणार असशील, तर हात आखडता घे. पण रोज पहाटे आपण होऊन उठणारी, पडल्यावर रडत न बसता उभी राहणारी पोर घरात आहे, ती कमाई हातची आहे. ती कशाला घालवतेस?

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना एकदा मैदानावर घेऊन जा. नात पळते कशी हे त्यांनी पाहिलेलंच नसेल. त्यांना आठवण दे, की अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं आहे आणि इथली मंडळी १९३६ साली बर्लिनला आपले खेळ दाखवून आली. व्यायाम ही आपल्या वऱ्हाडची जुनी रीत आहे, बाहेरून आलेलं खूळ नव्हे.

पोशाख घट्ट असतो तो वाऱ्यानं फुगू नये म्हणून. मुलंही तोच घालतात. शर्यत संपली की वरून जॅकेट घालावं, झालं. रंगाचं म्हणशील, तर सराव उजाडताच उरकावा, आणि काळवंडलेली कातडी सावलीत राहिली की हळूहळू उजळते. दहावीचं मात्र तिच्याशी बसून ठरव. वर्षभर सराव कमी करून तीन दिवसांवर आणता येतो, पण "मग बघू" म्हणून पूर्ण सोडलेला खेळ सहसा परत येत नाही. स्पर्धांची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये जपून ठेव. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. तिच्या प्रमाणपत्रांना ते लागू होतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत स्वतः जाऊन विचार.

आणि घरच्या चार गोष्टी, ज्यांची मुलं चाकांवर पळतात त्या सगळ्यांसाठी :

स्केट वाढत्या पायाचे घेऊ नका. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, स्केट नाही. बूट सैल असला की घोटा आत हलतो आणि मुरगळतो. पैसे वाचवायचे, तर मोठ्या मुलींचे लहान झालेले स्केट विचारून घ्या. हेल्मेट मात्र कोणाचं वापरलेलं घेऊ नका, आणि एकदा जोरात आपटलेलं परत वापरू नका.

चाकं आतल्या बाजूनं लवकर झिजतात. म्हणून ती मधूनमधून काढून डाव्या पायाची उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावावी. बेअरिंग पाण्यानं धुऊ नये, कोरड्या फडक्यानं पुसावं. पावसात भिजलंच, तर पूर्ण वाळवून तेलाचा थेंब द्यावा. गुडघ्याच्या आणि कोपराच्या गाद्या घामट राहिल्या की कुबट वास सुटतो. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात हातानं धुऊन सावलीत वाऱ्यावर वाळवाव्या.

खरचटलं तर हळद किंवा चहापत्ती दाबू नका. वाहत्या पाण्याखाली धरून खडे-माती निघेपर्यंत जखम धुवा, स्वच्छ कापडानं झाका, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. डोक्याला मार लागून उलटी झाली, गरगरलं, किंवा पोर असंबद्ध बोलू लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. पाळीच्या दिवसांत तिला बरं वाटत असेल तर पळू द्या, दुखत असेल तर विश्रांती घेऊ द्या. ते तिचं तिला ठरवू द्या.

शेवटी माझं एक सांगते, एरवी सांगितलं नसतं. मी शाळेत खो-खो खेळत असे. जिल्ह्याच्या संघात माझं नाव आलं होतं. बाबांनी होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. सकाळच्या एस.टी.नं निघायचं होतं. पहाटे उठून पाहते, तर खेळाचे माझे एकुलते एक कपडे आईनं बादलीत भिजवून ठेवलेले. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. गाडी निघून गेली. पुढे पुष्कळ वर्षांनी, आजारपणात मी तिचे पाय चेपत बसले होते, तेव्हा तीच आपण होऊन म्हणाली, "त्या दिवशी तुले जाऊ द्याले पाह्यजे होतं वं माय. मलेच भेव वाटलं." कशाचं भेव, ते तिनं सांगितलं नाही. पण आता दोन मुलींना वाढवल्यावर मला ते समजतं.

मुलीला थांबवायला बापाचा आरडाओरडा लागतोच असं नाही. आईनं पहाटे एक बादली भरली तरी काम होतं. तू मला विचारलंस, बादली अजून भरली नाहीस, म्हणून बरं वाटलं. या रविवारी सासूबाईंना सोबत घे, डब्यात चार दशम्या बांध आणि मैदानावर जा. तिथे काय झालं ते मला नक्की कळव.

पुढच्या अंकात सरगुंडे नक्की!

तुमची,
रिद्धपूरची ताई