आधी घासणं, मग औषध

माझा भाचा घरी बीअर बनवतो. लिहून टाकलं एकदाचं! नातेवाईक मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील तर थोडा वेळ तशाच राहू द्या, कारण आज मी त्याचं कौतुक करणार आहे. बीअरचं नाही हं, त्याच्या धुण्याचं.

आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे. भाचा राहतो अमेरिकेत, ओहायोमध्ये. तिथे 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि 1979 पासून घरच्यापुरती बीअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! विकायची मात्र नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे होते. एका शनिवारी त्याने बादली, नळ्या, झाकणं आणि पन्नासेक बाटल्या काढल्या. मला वाटलं, आता चूल पेटणार. पण तास झाला, दोन तास झाले, हा आपला धुतोच आहे! मी मदतीला गेले आणि सवयीने हिरवी घासणी उचलली. "मावशी, त्याने नको. प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि जंतू त्यात लपून बसतात." मऊ फडकं घेतलं.

आधी कोमट पाण्यात पावडर टाकून सगळं भिजवलं, पुसलं, खळखळून धुतलं. मला वाटलं, झालं काम. तर म्हणे, "आता तर फक्त स्वच्छ झालं, निर्जंतुक व्हायचंय." मग 19 लिटर पाण्यात जेमतेम 30 मिलिलिटर आम्लाचं औषध. फेसच फेस! मी बादली फेसासकट नळाखाली धरली, तसा तो ओरडलाच, "मावशी, धुऊ नका!" ते औषध त्या प्रमाणात घेतलं तर धुवायचं नसतं. नळाच्या पाण्याने धुतलं की जंतू परत आत.

एवढी काळजी का? तर जवाच्या माल्टचं गोड पाणी तासभर उकळतं तेव्हा त्यातले बहुतेक जंतू मरतात. खरी भीती ते निवल्यावर. आपण कोमट दुधाला विरजण लावतो तसं त्यात यीस्ट घालायचं. पण गोड पाणी म्हटल्यावर न बोलावलेले पाहुणेही येणारच. लुई पाश्चर यांनी 1876 साली बीअरवर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात याच पाहुण्यांचा अभ्यास आहे. माझी आई कुठे पाश्चर शिकली होती? पण लोणच्याची बरणी धुऊन, जळकोटच्या उन्हात खडखडीत वाळवून, मगच ती हिंगाची धुरी द्यायची. धुण्याआधी धुरी कधीच नाही.

मी विचारलं, "अरे, आणि नाहीच नीट धुतलं तर? माणूस मरतो का?" तो हसला. "नाही हो मावशी. आंबट होते, वास येतो. ओतून देतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी ज्या शाळेत होते तिथे पिण्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी होती. पाण्याचं काम माझ्याकडे. मी रोज शिपायाला विचारायची, "टीसीएल टाकली का?" "टाकली बाई." की मी वहीत सही करायची. एका पावसाळ्यात बारा-तेरा मुलांना जुलाब-उलट्या झाल्या. चौथीतली एक मुलगी दोन दिवस सलाईनवर होती. सगळी बरी झाली, देवाची कृपा. टाकीमुळेच झालं असं कोणी सिद्ध केलं नाही. पण टाकी उपसली तेव्हा तळाला वीतभर गाळ निघाला. गाळात आणि शेवाळात क्लोरीन खर्ची पडतो, पाण्यातल्या जंतूंसाठी उरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी वही मात्र चोख होती.

चव बिघडू नये म्हणून एक मुलगा तीन तास घासतो आणि दीडशे लेकरांच्या पाण्यासाठी मी फक्त पावडरीचं विचारत होते!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्याला औषधावर फार विश्वास आणि घासण्याचा कंटाळा. औषध टाकायला एक मिनिट लागतं आणि त्याची नोंद होते. घासायला कंबर मोडते. पण घासल्याशिवाय टाकलेलं औषध म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. गावात पाण्याची चौकशी कराल तेव्हा "पावडर टाकली का?" याच्या आधी "टाकी कधी घासली?" हे विचारा. टाकीवर तारीख रंगवलेली असेल तर ती वाचा.

परत आल्यावर मी आधी आमच्या गच्चीवरची टाकी रिकामी करायला लावली. आतून काय निघालं ते लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. तुमची टाकी कधी घासली होती? खरं खरं सांगा हं!