हर्निया : दोष वजनाचा की भिंतीचा?

धान्याचे पोते उचलताना जांघेत कळ आली, काही दिवसांनी तिथे फुगवटा दिसला, की घरातल्या घरात निदान होते : ‘वजनाने हर्निया झाला.’ हे निदान अर्धेच खरे आहे.

पोटाची भिंत म्हणजे स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारे चिवट पडदे. ही भिंत कुठे विरली किंवा तिला भोक पडले, तर आतली चरबी किंवा आतड्याचा भाग तिथून बाहेर सरकतो. सायकलच्या टायरला चीर गेली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते, तसेच. यालाच हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. खोकल्यावर, उभे राहिल्यावर फुगवटा वाढतो. आडवे पडल्यावर बहुधा आत जातो.

यातल्या काही कच्च्या जागा जन्मापासूनच्या असतात. मुलाच्या जन्माआधी वृषण पोटात असतात आणि जांघेतल्या वाटेने खाली उतरतात. ती वाट नंतरही कमजोरच राहते. म्हणून जांघेतला हर्निया पुरुषांत कितीतरी जास्त. साधारण चारपैकी एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो. बेंबी ही दुसरी जागा. तिसरी जागा ऑपरेशनने तयार होते : सिझेरियन किंवा पोटाच्या अन्य शस्त्रक्रियेचा टाका. जखम चिघळली असेल तर तिथे धोका अधिक.

भिंत कच्ची असताना आतून दाब वाढला की फुगवटा बाहेर येतो. वजन उचलणे हा त्यातला एक दाब. पण जुनाट खोकला, रोज शौचाला कुंथणे, प्रोस्टेट वाढल्याने लघवीला जोर करावा लागणे, लठ्ठपणा, गरोदरपण हेही त्याच यादीत आहेत. बिडी-सिगारेट तर दुहेरी नुकसान करते : खोकला वाढवते आणि पडद्यांचा चिवटपणाही कमी करते. खोकल्याचा बंदोबस्त न करता नुसते ऑपरेशन केले, तर हर्निया पुन्हा डोके वर काढू शकतो.

तान्ह्या बाळाची बेंबी फुगली की तिच्यावर नाणे बांधण्याची पद्धत अजूनही आढळते. त्याचा उपयोग नाही, उलट नाजूक त्वचा चिघळते. बेंबीचा हर्निया बहुतेक बाळांत काही वर्षांत आपोआप बंद होतो. बाळाच्या जांघेतला मात्र बंद होत नाही; त्याला शस्त्रक्रियाच लागते.

मोठ्यांचे दुखणे वेगळेच : जागा अवघड, म्हणून पुरुष बायकोलाही सांगत नाहीत. पट्टा बांधून वर्षे काढतात. पट्टा फुगवटा दाबतो, भोक बुजवत नाही. गोळ्या-काढ्यांनीही ते बुजत नाही. त्रास नसलेल्या पुरुषाला काही काळ थांबा, असे डॉक्टर सांगू शकतात. पण ते तपासून ठरवायचे असते. स्त्रियांमध्ये मांडीच्या वरच्या टोकाला होणाऱ्या हर्नियात तर थांबण्यात जोखीम आहे, कारण त्यात आतडे अडकण्याची शक्यता जास्त. फुगवटा कडक झाला, आत जाईना, वेदना, उलट्या सुरू झाल्या, शौच-वायू थांबला, तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून काही तासांत ते सडू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

खर्चाची भीती हेही टाळाटाळीचे मोठे कारण. मोठ्यांच्या ऑपरेशनमध्ये भोकावर सहसा कृत्रिम जाळी बसवतात आणि बाजारातली जाळी महाग पडते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी यावर साधा उपाय शोधला : मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरायचे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांतला अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशी स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांची तुलना झाली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत, वर्षभरानंतर हर्निया पुन्हा होण्याच्या प्रमाणात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही.